औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी : मूळ धरा, शब्द हाती येईल

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते, पावसानं उघडीप दिली होती. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात एका आबांच्या वाडीत गेलो होतो. दहा गुंठे वांगी. पानांवर ठिपके, काही फळं कुजायला लागलेली. बुरशी होती. मी खिशातली चिठ्ठी काढली आणि त्यावर इंग्रजीत 'फंगिसाइड' आणि औषधाचं नाव लिहून दिलं. आबा दुकानात पोचेपर्यंत चिठ्ठी खिशात भिजून गेली. आबांना शब्दाचा शेवट तेवढा आठवला. दुकानातल्या पोराला म्हणाले, "ते साइडवालं औषध दे." पोरानं हातात आलं ते 'साइडवालं' दिलं. ते निघालं हर्बिसाइड, म्हणजे तणनाशक.

आठवडाभरात वांग्याचे शेंडे पिळवटले, पानं दोरीसारखी वळली. वाफेच्या वाफे गेले. मी गेलो तेव्हा आबा बांधावर बसले होते. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना साइडवालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक दुकानातल्या पोराची होती, तशी माझीही होती. ज्याला वाचता येणार नाही अशा भाषेत मी चिठ्ठी लिहिली होती आणि तोंडानं समजावून सांगायचा कंटाळा केला होता.

त्या दिवसापासून चिठ्ठी मराठीत लिहितो. पण तेवढ्यानं भागत नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात इंग्रजीच असतं. मराठीतलं माहितीपत्रक आत घडी घालून ठेवलेलं, मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, आज औषधाबद्दल लिहीत नाही, औषधावरच्या शब्दांबद्दल लिहितो.

एक मूळ, दहा शब्द

मी मराठी शाळेत शिकलो. कृषी पदविकेला गेलो तेव्हा इंग्रजी शब्दांनी घाम फोडला. पाठ करावे आणि सकाळी विसरावे. मग आम्हाला शिकवणाऱ्या एका सरांनी एक युक्ती सांगितली. ते म्हणाले, रताळ्याचा वेल ओढताना तुम्ही एकेक रताळं शोधता का? बुंधा धरता, की घोस वर येतो. इंग्रजीचंही तसंच आहे. त्यातले निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन या जुन्या भाषेतून, थेट किंवा फ्रेंचमार्गे आलेले आहेत. लॅटिन म्हणजे प्राचीन रोमची भाषा. तिचं एक मूळ कळलं की दहा शब्द कळतात.

आपल्या 'साइड'चंच घ्या. लॅटिनमध्ये 'केडेरे' म्हणजे कापणं, ठार मारणं. त्यातून शब्दाच्या शेवटी लागणारं 'साइड' आलं. म्हणजे साइड हे औषधाचं नाव नव्हेच, 'मारणारं' एवढाच त्याचा अर्थ. कोणाला मारणारं, ते शब्दाच्या पुढच्या भागात असतं. आबांनी शेपूट लक्षात ठेवलं आणि डोकं विसरले, घोटाळा तिथं झाला.

डोकी अशी ओळखावीत :

'इन्सेक्ट' म्हणजे कीटक. मूळ अर्थ 'खाचा पाडलेला', कारण किड्याचं अंग डोकं, छाती, पोट असं कापल्यासारखं विभागलेलं असतं. इन्सेक्टिसाइड म्हणजे कीटकनाशक.

'फंगस' म्हणजे बुरशी, अळंबी. फंगिसाइड म्हणजे बुरशीनाशक.

'हर्बा' म्हणजे गवत, पाला. हर्बिसाइड म्हणजे तणनाशक. याचाच जोडशब्द वीडिसाइड. त्यातला 'वीड' हा शब्द इंग्रजीचा घरचा, 'साइड' तेवढं लॅटिन.

'रोडेरे' म्हणजे कुरतडणं. रोडेंटिसाइड म्हणजे उंदीर-घुशींचं औषध.

'पेस्टिस' म्हणजे साथ, रोगराई. पेस्टिसाइड हे वरच्या सगळ्यांचं मिळून आडनाव. दुकानात नुसतं 'पेस्टिसाइड द्या' म्हणणं म्हणजे मुंबईत जाऊन 'पाटील कुठे राहतात' विचारण्यासारखं आहे.

पोलीस पाटलांच्या कानावर 'सुसाइड' आणि 'होमिसाइड' हे शब्द येत असतील. 'सुई' म्हणजे स्वतःचा, 'होमो' म्हणजे माणूस. आत्महत्या आणि मनुष्यवध. शेपूट तेच आहे. गावातल्या दहावीच्या एका मुलीला हे सांगत होतो, तर तिनं लगेच विचारलं, "मग सर, डिसाइड?" पोरीनं बरोबर पकडलं. 'डिसाइड' म्हणजे ठरवणं, म्हणजेच बाकीचे फाटे कापून टाकणं. आपणही 'एकदाचा तुकडा पाड' म्हणतोच.

बाटलीवरचे बाकीचे शब्द

औषधाच्या डब्यावर चौकोन कोनावर उभा केलेला असतो आणि त्याचे दोन त्रिकोण असतात. खालचा त्रिकोण रंगाचा. लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. वरच्या भागात लाल रंगाला कवटी-हाडं आणि 'पॉयझन', पिवळ्याला नुसतं 'पॉयझन', निळ्याला 'डेंजर' आणि हिरव्याला 'कॉशन' असे शब्द असतात. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली नियम झाले, त्यात ही खूण ठरलेली आहे. हिरवा आहे म्हणून हातानं ढवळायला हरकत नाही, असं मात्र कोणी समजू नये. 'कॉशन'चं मूळ लॅटिन 'कावेरे', म्हणजे जपून राहणं.

'पॉयझन'ची गंमत ऐका. लॅटिन 'पोटिओ' म्हणजे पिण्याचा पदार्थ, घोट. विष बहुधा पेल्यातून पाजलं जाई, म्हणून घोटाचं विष झालं. आणि ग्रामपंचायतीच्या पाणी तपासणी अहवालात 'पोटेबल' असा शब्द येतो, त्याचा अर्थ पिण्यायोग्य. तोही याच कुळातला. एकाच मुळाचे दोन फुटवे, एक पिण्याजोगा आणि एक प्राणघातक. हे लक्षात ठेवावं, कारण औषधाची रिकामी बाटली धुऊन तिच्यात पाणी भरून शेतावर नेणारी माणसं मी आजही पाहतो.

'इन्फ्लेमेबल' हा शब्द तर नीट शिकूनच घ्या. इंग्रजीत 'इन' पुढे लागलं की बऱ्याचदा 'नाही' असा अर्थ होतो. ऑर्गॅनिक म्हणजे सेंद्रिय, इनऑर्गॅनिक म्हणजे असेंद्रिय. त्या हिशेबानं एखादा म्हणेल, इन्फ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं. नेमकं उलट. लॅटिन 'फ्लाम्मा' म्हणजे ज्वाला, आणि इथलं 'इन' म्हणजे 'मध्ये'. चटकन पेट घेणारं, असा त्याचा अर्थ. असा डबा चुलीजवळ ठेवू नये, आणि फवारणी करताना विडी तर ओढूच नये.

आता ई.सी. आणि एस.सी. पहिल्यातलं ई म्हणजे इमल्सिफायेबल, पाण्यात इमल्शन होणारं. लॅटिन 'मुल्गेरे' म्हणजे दूध काढणं. म्हणूनच ई.सी. औषध पाण्यात ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. दुसऱ्यातलं एस म्हणजे सस्पेन्शन. 'पेन्डेरे' म्हणजे लोंबकळणं. औषधाचे बारीक कण द्रवात विरघळलेले नसतात, लोंबकळत असतात आणि बाटली ठेवून दिली की तळाशी बसतात. एस.सी. औषध वापरण्याआधी बाटली जोरात हलवायची ती यासाठीच. न हलवता ओतलं तर पहिल्या पंपाला पाणी जातं आणि शेवटच्या पंपाला सगळं विष. अर्थ कळला की कृती आपोआप लक्षात राहते.

तणनाशकावर 'प्री-इमर्जन्स' की 'पोस्ट-इमर्जन्स' हे पाहावं. 'मर्गेरे' म्हणजे बुडणं, 'इमर्ज' म्हणजे बुडालेलं वर येणं, इथं उगवणं. 'प्री' म्हणजे आधी, 'पोस्ट' म्हणजे नंतर. तण उगवण्याआधीचं औषध तण गुडघ्याएवढं झाल्यावर मारून उपयोग नाही. 'सिलेक्टिव्ह' म्हणजे निवडक तण मारणारं. 'नॉन-सिलेक्टिव्ह' म्हणजे समोर येईल ते हिरवं जाळणारं, पीकसुद्धा. यातला 'नॉन' तीन अक्षरांचा आहे, पण तो वाचायचा राहिला तर पीक हातचं गेलं.

आणि मि.लि.चं 'मिलि'. लॅटिन 'मिल्ले' म्हणजे हजार. हजार मिलिलिटर म्हणजे एक लिटर. 'सेंटम' म्हणजे शंभर, त्यातून सेंटीमीटर आणि पर्सेंट, आपला शेकडा. औषधाचं प्रमाण टोपणानं किंवा अंदाजानं न घेता मापानं घ्यावं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. त्यामागं कारणं अनेक होती, केवळ भाषेचं नव्हतं. पण हातातल्या डब्यावर काय लिहिलंय हे कळणं, ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे.

वाडी म्हणजे 'हॉर्टस'

लॅटिनमध्ये 'आगेर' म्हणजे शेत आणि 'कुल्तुरा' म्हणजे मशागत. दोन्ही मिळून ॲग्रिकल्चर. 'हॉर्टस' म्हणजे बाग, आपल्या वसईच्या भाषेत वाडी. म्हणून हॉर्टिकल्चर म्हणजे फळं, फुलं, भाजीपाला, पानवेल, थोडक्यात आपल्या आगाशी-निर्मळ पट्ट्याचं पिढीजात काम. 'फ्लोरिस' म्हणजे फुलाचं, त्यातून फ्लोरिकल्चर. 'आपिस' म्हणजे मधमाशी, ॲपिकल्चर म्हणजे मधमाशीपालन. 'पिस्किस' म्हणजे मासा, पिसिकल्चर म्हणजे मत्स्यपालन. 'आक्वा' म्हणजे पाणी, ॲक्वाकल्चर म्हणजे पाण्यातली शेती, कोळंबी वगैरे. योजनेच्या जाहिरातीत यातला कुठला शब्द आला तर 'ही योजना आपल्यासाठी आहे की नाही' हे लगेच कळेल.

भाताच्या लावणीला 'ट्रान्सप्लांटिंग' म्हणतात. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, एका जागेवरून दुसऱ्या जागी. रोप रोपवाटिकेतून खाचरात जातं. माल इथून दादरच्या बाजारात जातो, तो ट्रान्सपोर्ट, कारण 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणं. आणि आम्ही सरकारी माणसं एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातो, ती ट्रान्सफर. 'फेर्रे' म्हणजेही वाहणं, धारण करणं. त्याच 'फेर्रे'तून फर्टाइल, म्हणजे पीक धारण करणारी जमीन, आणि त्यावरून फर्टिलायझर म्हणजे खत.

झाडांच्या शास्त्रीय नावांतही हेच 'फेर्रे' भेटतं. नारळ 'कोकस न्युसिफेरा', म्हणजे कवचाची फळं धारण करणारा. आंबा 'मँगिफेरा इंडिका', आंबे धारण करणारा, भारतातला. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली वनस्पतींना अशी दोन-दोन शब्दांची नावं देण्याची रीत घालून दिली आणि त्याला भाषा घेतली लॅटिन. आमच्या सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर 'सटायव्हा' हा शब्द लिहिला होता. अर्थ 'पेरलेलं'. भात ओरायझा सटायव्हा, लसूण ॲलियम सटायव्हम, कोथिंबीर कोरिअँड्रम सटायव्हम, काकडी क्युक्युमिस सटायव्हस, वाटाणा पायसम सटायव्हम, मुळा रॅफॅनस सटायव्हस. शब्दाचं शेपूट बदलतं, मूळ तेच राहतं. माणूस जे मुद्दाम पेरत आला त्याला हे नाव. सहा पिकांची नावं मला त्या एका तासात पाठ झाली, ती आजवर विसरलो नाही.

लॅटिन आपल्या गावात आधीच आलंय

कोणी म्हणेल, साहेब, कुठली रोमची भाषा आणि कुठली आपली वसई! पण वसईकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. १५३४ ते १७३९, चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत दोनशे वर्षं इथं पोर्तुगीज होते. पोर्तुगीज ही लॅटिनचीच मुलगी. ते गेले, पण त्यांचे शब्द आपल्या घरात राहिले आणि ते आता कोणाला परके वाटतही नाहीत.

आपला 'पाव' पोर्तुगीज 'पांव'वरून, तो लॅटिन 'पानिस'वरून आला. इंग्रजी 'कंपनी'चं मूळही 'पानिस'च. 'कॉम' म्हणजे सोबत. एका भाकरीत जेवणारे ते कंपनी. आपली 'चावी' पोर्तुगीज 'शाव्ही', लॅटिन 'क्लाविस'. आपला 'पगार' पोर्तुगीज 'पगार'वरून, म्हणजे देणं चुकतं करणं. लॅटिनमध्ये 'पाकारे' म्हणजे शांत करणं. घेणेकऱ्याला शांत करायचं तर त्याचे पैसे द्यावे लागतात! इंग्रजी 'पे' त्यातलाच. आपला 'पाद्री' लॅटिन 'पातेर', म्हणजे पिता. आपली 'कोबी' पोर्तुगीज 'कोव्ह', लॅटिन 'कौलिस', म्हणजे देठ. आणि कॉलिफ्लॉवर म्हणजे त्याच कौलिसचं फूल. कोबी आणि फ्लॉवर एकाच वाफ्यात लावणाऱ्या माणसाला हे नातं सांगायला नको. वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांतल्या जुन्या माणसांनी तर लॅटिन कानांनी ऐकलेलं आहे. १९६२ ते १९६५च्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चमधली उपासना मराठीत झाली. त्याआधी ती लॅटिनमध्येच चाले.

ग्रामपंचायतीत या. ग्रामसभेला 'कोरम' नाही म्हणून सभा तहकूब होते. हा कोरम शुद्ध लॅटिन, अर्थ 'ज्यांच्यापैकी'. 'अजेंडा' म्हणजे करायच्या गोष्टी. 'ऑडिट'चं मूळ 'आउदिरे', ऐकणं, कारण पूर्वी हिशेब वाचून दाखवत आणि तपासणारा ऐकत असे. शाळेचा 'बोनाफाइड' दाखला म्हणजे 'चांगल्या विश्वासानं'. 'ॲड-हॉक' नेमणूक म्हणजे 'एवढ्यापुरती'. बँकेतला 'नॉमिनी' 'नोमेन'वरून, म्हणजे नावावरून. 'क्रेडिट' म्हणजे 'तो विश्वास ठेवतो'. किसान क्रेडिट कार्ड खिशात ठेवणाऱ्यानं हा अर्थ विसरू नये. 'मॉर्टगेज' म्हणजे गहाण. त्यातला 'मॉर्ट' मृत्यूचा. कागदावर हा शब्द दिसला की सही करण्याआधी दोन वेळा वाचून घ्यावं.

संस्कृतचे नातलग

'मॉर्ट' आणि आपला 'मृत', 'नोमेन' आणि 'नाम', हे ऐकून कानाला काही जाणवलं असेल. कलकत्त्याचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ साली भाषणात सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ झऱ्यातून निघालेल्या असाव्यात. पुढे अभ्यासकांनी ते सिद्ध केलं. पातेर-पितृ, मातेर-मातृ, सेप्टेम-सप्त, डेकेम-दश, डेन्टिस-दन्त, इग्निस-अग्नि. गाडीचं इग्निशन म्हणजे आपला अग्नीच की! 'क्रेडो' आणि 'श्रद्धा' हेही एकाच मुळाचे.

शेतकऱ्याला पटेल असं उदाहरण म्हणजे जू. बैलांच्या मानेवरचं जू संस्कृत 'युग'वरून आलं. लॅटिनमध्ये त्यालाच 'युगुम' म्हणतात. त्याच कुळातून 'जंक्शन' आणि 'जॉइंट' हे शब्द आले. वसई रोडला दिव्याकडची लाइन येऊन मिळते, म्हणून ते जंक्शन. नवरा-बायकोचं एकत्र खातं, ते जॉइंट अकाउंट. दोन बैल एका जुवाला, तसंच.

जपून वापरा

ही युक्ती म्हणजे वाट दाखवणारी काठी आहे, डोळे नव्हेत. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, मुळावरून औषधाचा प्रकार कळतो, प्रमाण कळत नाही. प्रमाण, कोणत्या पिकावर चालतं, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, हे माहितीपत्रकातच पाहावं. ते मराठीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. दुकानदाराकडे मागा आणि पक्की पावतीही मागा.

दुसरी, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. नाव बरोबर वाचलं आणि पंप काल तणनाशकाला वापरलेला असला, तर वांगी जायची ती जातातच.

तिसरी, सगळे शब्द लॅटिन नसतात. काही ग्रीक असतात, काही इंग्रजीचे स्वतःचे. 'इन'सारखे फसवतातही. शंका आली तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. मीही अजून शब्दकोश उघडतो.

घरच्या घरी करता येईल असं

दुसरी-तिसरीतल्या पोराला इंग्रजी येत नाही म्हणून आपण त्याला ओरडतो. त्याऐवजी घरातल्या आठवी-नववीच्या मुला-मुलींना रात्री जेवणानंतर रिकाम्या डब्याचं लेबल नव्हे, माहितीपत्रक वाचायला द्या. डबा मुलांच्या हाती देऊ नका. एका वेळी एकच मूळ घ्या. त्या आठवड्यात ते मूळ कुठे कुठे दिसतं ते पाहा, बाटलीवर, बँकेच्या कागदावर, रेल्वेच्या पाटीवर. वहीच्या एका पानावर मधोमध मूळ लिहा आणि भोवती फांद्यांसारखे शब्द. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोजच्या सूचनेखाली एक ओळ मोकळी ठेवली तर सगळं गाव शिकेल. एका गावात आम्ही असं करून पाहिलं. सुरुवातीला लोक हसले. चौथ्या आठवड्यात एकानं विचारलं, "साहेब, या वेळी कुठलं मूळ?"

आणि ते आबा? पुढच्या हंगामात त्यांनी पुन्हा वांगी लावली. एके दिवशी दुकानातून मला फोन केला. म्हणाले, "साहेब, नातीनं वाचलंय. पुढं फंगी आहे, मागं साइड आहे. घेऊ ना?"

मी म्हटलं, "आबा, खालचा रंग कुठला आहे तेवढं सांगा, आणि मग घ्या."